हॅशचं टर्मिनल उघडं टाकून पोहे खायला जाऊ नये

टर्मिनल, म्हणजे कमांडी टाइप करायची खिडकी, उघडलं की कर्सरच्या अगदी अलीकडे एक चिन्ह दिसतं. रोजच्या वापरात ते डॉलरचं असतं, $. तिथे # (हॅश) दिसायला लागलं की समजायचं, ही खिडकी आता रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या, नावाने चालली आहे. बाकी काहीच बदलत नाही. तोच रंग, तोच फाँट, त्याच कमांडी. म्हणूनच घोटाळे होतात.

लिनक्स, बीएसडी, मॅक ही सगळी युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या घराण्यातली मंडळी. या घराण्यात प्रत्येक वापरकर्त्याला एक नंबर असतो. उबुंटूवर (हा लिनक्सचाच एक अवतार) पहिल्या माणसाला १००० मिळतो, पुढच्याला १००१. रूटचा नंबर शून्य. रूट हे नाव आपल्या सोयीसाठी. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नावाकडे ढुंकून बघत नाही, नंबर बघतो. ही फाइल वाचायची परवानगी आहे का, हा प्रोग्राम बंद करायचा हक्क आहे का, असले प्रश्न १००० नंबरवाल्याला पावलोपावली विचारले जातात. शून्यवाल्याला जवळपास कुठेच नाही. दुसऱ्याचं फोल्डर उघडा, पासवर्डची फाइल बदला, चालू डिस्कवर कचरा लिहा. अडवायला कोणी नाही.

इंदूरच्या रामबागेत ओळखीच्या एका काकांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, गणेश मंडळांच्या स्मरणिका असलं काम. मशीनं सगळी उबुंटूवर, काम इंकस्केप आणि स्क्रायबसमध्ये. मी ती मशीनं अधूनमधून बघतो. एका सकाळी गेलो तर भाचा पोहे-जलेबी खायला बाहेर पडलेला, त्याच्या मशीनवर टर्मिनल उघडं आणि त्यात #. काकांनीच विचारलं, "अरे, हे असं चालू राहिलं तर बिघडतं का काही? तो म्हणतो, सारखा सारखा पासवर्ड कोण टाकत बसणार!"

प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. रूटचे अधिकार लागतात, त्यात गैर काही नाही. प्रिंटरची सेवा पुन्हा सुरू करायची, अपडेट टाकायचे, नवीन फाँट सगळ्यांसाठी बसवायचा, हे त्याशिवाय होत नाही. प्रश्न तो अधिकार किती वेळ आणि कोणत्या खिडकीत उघडा राहतो एवढाच आहे. (पुढे कमांडींची नावं देवनागरीत लिहिली आहेत, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.)

साधा माणूस शून्य नंबरवाला होतो कसा, ते आधी बघू. प्रोग्रामच्या फाइलवर एक खास खूण ठेवता येते. ती असली की प्रोग्राम कोणीही चालवो, तो फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. ही कल्पना युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांची; १९७३ साली त्यांच्या नावाने पेटंटचा अर्ज गेला आणि १९७९ मध्ये ते मंजूर झालं. आजही सुडो या, रूटचे अधिकार एका कमांडपुरते मिळवून देणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलचे तपशील 'एलएस -एल' लावून बघितले तर परवानग्यांच्या ओळीत एक्सच्या जागी एस दिसतो. तोच हा एस.

या खुणेवर आधी 'एसयू' ही कमांड आली, अगदी पहिल्या युनिक्सपासून. रूटचा पासवर्ड टाका, रूट व्हा. जिथे एकच माणूस मशीन सांभाळतो तिथे हे ठीक होतं. पाच जण सांभाळायला लागले की पासवर्ड पाच जणांना सांगावा लागतो, आणि काही बिघडलं तर पाचही जण एकमेकांकडे बघतात. १९८० च्या सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो इथल्या शाखेत बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी सुडो लिहिला. स्वतःचाच पासवर्ड टाकायचा, एका कमांडपुरता अधिकार घ्यायचा, आणि त्याची नोंद राहणार. १९९४ पासून टॉड मिलर तो सांभाळत आहेत. उबुंटूने २००४ मधल्या पहिल्याच आवृत्तीपासून रूटच्या खात्याचा पासवर्डच बंद ठेवला आणि सगळा कारभार सुडोवर सोपवला.

म्हणजे भाच्याच्या मशीनवर # आला कुठून? त्याने 'सुडो -आय' केलं होतं. सुडोला एक कमांड लागते ना, त्याने ती कमांड म्हणून अख्खं शेलच, म्हणजे कमांडी वाचून चालवणारा प्रोग्रामच, मागितलं. सुडोच्या दृष्टीने काम एकच, 'शेल चालू कर'. ते चालू झालं आणि सुडोची जबाबदारी संपली. पुढे त्या शेलमध्ये जे काही टाइप होईल ते थेट रूट करतो, मधे कोणीच नाही. इंदूरला नर्मदेचं पाणी सोडणारा माणूस गल्लीतल्या वॉल्व्हला चावी लावतो, पाणी सोडतो आणि चावी काढून खिशात घालून जातो. भाच्याने चावी वॉल्व्हलाच अडकवून ठेवली होती.

हे नोंदवहीत फार स्वच्छ दिसतं. उबुंटूवर 'जर्नलसीटीएल' ही कमांड, किंवा लॉगच्या फोल्डरमधली ऑथ नावाची फाइल. सुडोच्या प्रत्येक वापराची तिथे एक ओळ पडते: कोणी, कोणत्या टर्मिनलवरून, कोणत्या फोल्डरमध्ये असताना, कोणाच्या नावाने, कोणती कमांड. काकांच्या मशीनवरच्या ओळी वाचल्या तर एका दिवशी प्रिंटरची सेवा पुन्हा सुरू केल्याच्या चार ओळी, वेळेसकट. भाच्याने # उघडलं त्या दिवशी मात्र एकच ओळ: कमांड, बॅश. (बॅश हे त्या शेलचं नाव.) त्यानंतर दुपारपर्यंत काय झालं याचा तिथे मागमूस नाही. शेलच्या हिस्टरीत सापडेल म्हणाल, तर ती रूटच्या घरातली साधी फाइल. रूट झालेला कोणीही ती पुसू शकतो. सुडोला आतलं सगळं रेकॉर्ड करायला लावता येतं आणि नंतर 'सुडोरिप्ले'ने ते चित्रपटासारखं बघताही येतं, पण ते मुद्दाम चालू करावं लागतं आणि छोट्या दुकानात कोणी करत नाही.

आता "सारखा सारखा पासवर्ड" या तक्रारीकडे वळू, कारण तिच्यात तथ्य फारसं नाही. एकदा पासवर्ड बरोबर टाकला की सुडो तो काही मिनिटं पुन्हा विचारत नाही. मूळ सुडोत ही मुदत ५ मिनिटांची आहे, डेबियन आणि उबुंटूवाल्यांनी ती १५ केली आहे. दर वापराला घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. म्हणजे सलग काम करणाऱ्याला पासवर्ड एकदाच टाकावा लागतो. आणि ही सवलत फक्त त्या टर्मिनलपुरती असते. शेजारी दुसरा टॅब उघडला तर तिथे पुन्हा विचारणा होते, कारण सुडो टर्मिनलचा नंबर, सेशनचा नंबर आणि ते सुरू झाल्याची वेळ या तिन्हींची नोंद ठेवतो. जुना टॅब बंद होऊन नव्याला योगायोगाने तोच नंबर मिळाला तरी जुनी सवलत त्याला लागू होत नाही. मशीन बंद करून चालू केलं की सगळं साफ.

खुर्चीवरून उठायचं असेल तर मुदत संपायची वाट बघायची गरज नाही. 'सुडो -के' केलं की या टर्मिनलची सवलत तिथल्या तिथे रद्द. मोठ्या लिपीतला के दिला तर आपल्या नावाच्या सगळ्याच टर्मिनलांची. मुदतही बदलता येते. शून्य ठेवली तर दर वेळी पासवर्ड, आणि ऋण आकडा दिला तर एकदा टाकल्यावर मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत विचारणाच नाही. ही दुसरी युक्ती सुचवणारे सल्लागार भेटतात; त्यांना चहा पाजावा आणि रवाना करावं. काकांकडे मी मूळची पाच मिनिटं ठेवली आहेत.

तरीही चांगली जाणती माणसं # उघडून बसतात. माझ्या मते आळस हे त्याचं खरं कारण नाही, दोन बारक्या अडचणी आहेत. पहिली: सुडो लावून एखादी ओळ सिस्टिमच्या फाइलमध्ये 'मोठं आहे' या चिन्हाने (>) ढकलायला जावं तर परवानगी नाकारली जाते. माणूस चक्रावतो, सुडो लावला होता की! पण ते चिन्ह सुडोपर्यंत पोचतच नाही. फाइल उघडायचं काम आपलं साधं शेल आधीच करायला जातं आणि तिथेच अडकतं. उपाय सोपा आहे. मजकूर पाइपमधून (| या चिन्हाने) 'सुडो टी' या कमांडकडे द्यायचा, म्हणजे फाइल उघडणारा हात रूटचा असतो. जोडायचं असेल तर टीला '-ए' द्यायला विसरू नये, नाहीतर जुना मजकूर उडतो. दुसरी अडचण: बंद फोल्डरमध्ये 'सुडो सीडी' करून शिरता येत नाही, कारण सीडी हा वेगळा प्रोग्राम नाही, शेलचाच भाग आहे. तिथे शिरायचंच कशाला? बाहेर उभं राहून पूर्ण पत्ता देऊन 'सुडो एलएस' केलं तरी आतलं दिसतं. या दोन गोष्टी कळल्या की 'सुडो -आय'ची भूक बरीच मरते.

फाइल संपादित करायला 'सुडो' लावून व्हिम हा एडिटर उघडणं हाही असाच एक प्रकार. व्हिमच्या आतून एका उद्गारचिन्हाने शेल उघडता येतं, आणि ते रूटचंच असतं. त्यापेक्षा 'सुडोएडिट' वापरावं. ते फाइलची तात्पुरती नक्कल काढतं, एडिटर आपल्याच साध्या नावाने चालवतं आणि सेव्ह करून बाहेर पडलं की बदल मूळ जागी नेऊन ठेवतं.

उघडी सेशन्स राहतात कुठे, हे शोधणं थोडं मजेचं आहे. समोर दिसणारी खिडकी हा सगळ्यात निरुपद्रवी प्रकार. ती निदान दिसते. मिनिमाइज केलेली, दुसऱ्या वर्कस्पेसमध्ये पडलेली खिडकी त्याहून वाईट. आणि कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून येणारी काळी स्क्रीन, तिच्यावर कोणी रूट होऊन बसला असेल तर कठीणच. डेस्कटॉपला लॉक लावलं की सगळं बंद झालं असं आपण धरून चालतो. पण ते लॉक फक्त चित्रमय डेस्कटॉपला असतं. तीच तीन बटणं पुन्हा दाबली की काळ्या स्क्रीनवरचं # जसंच्या तसं वाट बघत असतं, पासवर्ड न मागता.

चौथी जागा टीमक्स. टीमक्स हा टर्मिनलच्या आत चालणारा पण टर्मिनलवर अवलंबून नसलेला प्रकार. खिडकी बंद झाली तरी आतलं काम पार्श्वभूमीत चालू राहतं. मोठं अपडेट चालू असताना कोणी चुकून खिडकी बंद केली तर अर्धवट पॅकेजांचा जो चिखल होतो तो टाळायला टीमक्स उत्तम. (वीज गेली तर त्याचाही इलाज नाही, तिथे यूपीएसच हवा.) मात्र टीमक्स चालवायचा आपल्या साध्या नावाने आणि सुडो त्याच्या आत लावायचा. उलट करून 'सुडो टीमक्स' केलं तर अख्खा टीमक्सच रूटचा होतो. खिडकी बंद करून घरी गेलात तरी तो मागे जिवंत, आणि दुसऱ्या दिवशी कोणी 'सुडो टीमक्स अटॅच' केलं की कालचं # हजर. साध्या टीमक्समध्ये प्रत्येक चौकट सुडोसाठी वेगळं टर्मिनल असतं, त्यामुळे पासवर्डची सवलत एकीतून दुसरीत गळत नाही.

कुठे काय उघडं आहे ते बघायला 'डब्ल्यू' ही एका अक्षराची कमांड कोण कुठे लॉगिन आहे ते सांगते. पण सुडोने उघडलेलं शेल तिच्यात वेगळं दिसेलच असं नाही. त्यासाठी 'पीएस'कडून रूटच्या नावाच्या प्रोसेस मागवायच्या आणि टर्मिनलचा रकाना बघायचा. सिस्टिमच्या सेवांपुढे तिथे प्रश्नचिन्ह असतं. 'पीटीएस' आणि पुढे आकडा दिसला, शेवटी बॅश दिसलं, की सापडलं.

अधिकार किती वेळ द्यायचा हे झालं. किती द्यायचा, यावर काकांच्या दुकानात खरा फरक पडला. भाच्याला रूट लागायचा तो फक्त प्रिंटर अडला की. त्यातही अर्ध्या वेळा प्रिंटर नुसता थांबवलेल्या स्थितीत असायचा. त्याला 'एलपीअ‍ॅडमिन' या गटात घातलं. आता 'कप्सएनेबल' करून तो प्रिंटर स्वतःच्याच नावाने सुरू करतो, रूटचा संबंधच येत नाही. उरलेल्या वेळांसाठी सुडोच्या नियमांत एक ओळ: या माणसाला कप्स ही प्रिंटरची सेवा पुन्हा सुरू करायची कमांड, पूर्ण पत्त्यासकट, एवढीच. मग त्याचं नाव सुडो गटातून काढलं. नियमात व्हिम किंवा लेस (फाइल वाचायची कमांड) असला प्रोग्राम कधीच लिहू नये. दोन्हींतून शेल उघडता येतं, म्हणजे एका प्रोग्रामची परवानगी देऊन सगळं राज्य दिल्यासारखं.

नियमांची फाइल नेहमी 'व्हिसुडो'नेच उघडायची. सेव्ह करताना ते व्याकरण तपासतं आणि चूक असेल तर सांगतं. साध्या एडिटरने चूक करून ठेवली तर सुडोच चालेनासा होऊ शकतो, आणि उबुंटूवर रूटचा पासवर्ड बंद असल्याने ती चूक सुधारायला रिकव्हरी मोडमध्ये जायची वेळ येऊ शकते. आणखी एक खोच: 'सुडोअर्स डॉट डी' फोल्डरमध्ये वेगळी फाइल ठेवणार असाल तर तिच्या नावात टिंब नको. टिंब असलेली फाइल सुडो गुपचूप वगळतो, आणि माणूस तासभर नियमातली चूक शोधत बसतो, जी तिथे नसतेच.

चित्रमय प्रोग्राम सुडोने चालवायची जुनी सवय आता सोडलेली बरी. जुन्या एक्स११ डेस्कटॉपवर एका सेशनमधले सगळे प्रोग्राम एकमेकांची बटणं ऐकू शकतात, एवढंच काय, एकमेकांत टाइपही करू शकतात. तिथे शेजारी उघडं रूटचं टर्मिनल असणं म्हणजे आमंत्रणच. एक्स११च्या जागी आलेल्या वेलँडमध्ये ही वाट बंद केली आहे. सेटिंग्जमध्ये काही बदलताना मधेच पासवर्डची चौकट येते ती पोलकिटची. तिथे प्रोग्राम साधाच राहतो आणि तेवढं एक काम मागचा अधिकारी करून देतो.

या रखवालदारांतही भोकं निघाली आहेत. जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस या कंपनीने सुडोतली एक चूक उघड केली. ती २०११ पासून कोडमध्ये बसून होती आणि सुडोची परवानगी नसलेल्यालाही तिच्यातून रूट होता येत होतं. वर्षभराने त्यांनीच पोलकिटच्या पीकेएक्झेक या कमांडमधली चूक काढली, ती २००९ पासूनची. दोन्ही दुरुस्त झाल्या, पण अपडेट टाकलेल्या मशीनवरच.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. आपल्या साध्या खात्यातच एखादा वाईट प्रोग्राम शिरला असेल तर सुडोचा पासवर्ड आपल्याला वाचवत नाही. तो शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये सुडो नावाचा खोटा प्रकार लिहून ठेवतो, आपण भोळेपणाने पासवर्ड टाकतो आणि तो टिपून घेतो. म्हणून दुकानाच्या मशीनवर ज्या खात्यातून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइली उघडल्या जातात त्या खात्याला सुडो नकोच. देखरेखीचं खातं वेगळं, आणि त्यात शिरायचं तेही लॉगिनच्या पडद्यावरून.

उलटा धोकाही आहे, तो फार कमी जणांना माहीत असतो. रूटच्या टर्मिनलमधून 'एसयू' करून साध्या वापरकर्त्याच्या रूपात खाली उतरलात, तर खाली चाललेला प्रोग्राम त्याच टर्मिनलच्या इनपुटमध्ये अक्षरं ढकलून ठेवू शकतो. तुम्ही बाहेर पडता आणि ती अक्षरं तुम्हीच टाइप केल्यासारखी रूटचं शेल वाचतं. हे दार बंद करायची कळ लिनक्स कर्नलच्या ६.२ आवृत्तीत, २०२३ मध्ये आली. सुडोनेही त्याच वर्षी १.९.१४ पासून प्रत्येक कमांडला आपणहून वेगळं टर्मिनल द्यायला सुरुवात केली.

सुडोची जागा घ्यायला नवी मंडळीही आली आहेत. ओपनबीएसडीने २०१५ मध्ये डूअ‍ॅज काढला, नियमांची फाइल चारसहा ओळींची. उबुंटूने २५.१० मध्ये रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला सुडो मूळ म्हणून घेतला. मला त्यातल्या त्यात आवडला तो सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) २५६ व्या आवृत्तीबरोबर २०२४ मध्ये आलेला रनझीरो. त्याला रिचींची ती एसची खूण लागतच नाही. तो सिस्टिमडीला सांगतो आणि सिस्टिमडी वेगळ्या टर्मिनलमध्ये काम सुरू करून देतो. शिवाय तेवढा वेळ खिडकीची पार्श्वभूमी लालसर होते.

तो नसेल तर हा लाल रंग हातानेही आणता येतो. रूटच्या घरातल्या 'डॉट बॅशआरसी' फाइलमध्ये पीएस१ या चलात प्रॉम्प्टला, म्हणजे कर्सरअलीकडच्या त्या चिन्हाच्या ओळीला, लाल रंग द्यायचा आणि त्याच फाइलमध्ये 'टीएमआउट=३००' ही ओळ टाकायची. मग रूटच्या प्रॉम्प्टवर पाच मिनिटं कोणी कमांड दिली नाही की बॅश आपणहून बंद होतं. अपडेट चालू असेल तर मधेच तुटेल का, ही भीती नको. हे घड्याळ प्रॉम्प्ट कमांडची वाट बघत असतानाच चालतं, कमांड चालू असताना नाही.